माझा हात कुणी उचलला?

एखाद्याच्या हातून किंवा तोंडून वाईट घडले, तर ते त्याने केले की त्याच्याकडून झाले, हे कसे ओळखायचे? प्रश्न जुना आहे. न्यायालये तो रोज सोडवतात, घराघरांतून तो रोज चिघळतो, आणि शाळेत तर तासातासाला आमच्यापुढे उभा राहतो. मी मराठीचा एम. ए. आहे. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक नाही आणि डॉक्टर तर नाहीच. तरीही संपादकांनी या अंकासाठी ‘मनातले काही लिहा’ म्हणून सांगितले, तेव्हा गेल्या उन्हाळ्यापासून मनात ठाण मांडून बसलेला हाच प्रश्न पुढे आला.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन बेळगावहून बडोद्याला गेली त्याला चाळीसहून अधिक वर्षे झाली. पाट्यांवर आता वडोदरा लिहितात, पण आम्हा मराठी माणसांच्या तोंडी ते अजून बडोदेच आहे. दांडिया बाजाराच्या अंगाला तिचे घर. गायकवाडांच्या काळापासून तिथे मराठी वस्ती आहे. त्यांच्या बोलण्यात मधूनच गुजराती शब्द येतो आणि तो आल्याचे बोलणाऱ्याला कळतही नाही. सीमेवर राहणाऱ्या आम्हाला त्याचे नवल नाही. आमच्या मराठीत कानडी अशीच पाय न वाजवता येते.

अक्काचे यजमान, आमचे दाजी, एका कारखान्यात हिशेबनीस होते. अतिशय मितभाषी माणूस. रागावले तर चष्मा काढून पुसत बसायचे, एवढाच त्यांचा राग. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागताच मी बडोद्याला गेलो. दाजी खाटेवर बसले होते. मला ओळखले, डोळे भरून आले, ओठ हलले आणि त्यांच्या तोंडून एक अर्वाच्य शिवी बाहेर पडली.

मी गांगरलो. अक्काने मान खाली घातली. पुढे दिवसभरात कळले ते असे: दाजींना ‘पाणी’ म्हणता येत नव्हते, ‘दुखतंय’ म्हणता येत नव्हते, बायकोचे नाव घेता येत नव्हते. काही सांगायला गेले की ती एकच शिवी यायची. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावून अक्काने गणपतीची आरती सुरू केली, तर दाजी चालीवर, एकही शब्द न चुकता, शेवटपर्यंत म्हणत राहिले. शेजारच्या बाई दारात उभ्या होत्या. जाता जाता त्या हलकेच म्हणाल्या, ‘काका नाटक करे छे.’

रात्री स्वयंपाकघरात भांडी आवरताना अक्काने मला विचारले, ‘बाळू, तू शिकलेला आहेस. खरं सांग, हे मुद्दाम करतात का रे? आरती येते तर पाणी का मागता येत नाही? का इतकी वर्षं माझ्याबद्दल मनात दाबून ठेवलेलं आता बाहेर पडतंय?’

तिच्या या तिसऱ्या प्रश्नाने मी हललो. दुखण्यापेक्षा तिला त्या शंकेने अधिक पोखरले होते.

दुसऱ्या दिवशी मी दाजींच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी कागदावर मेंदूचे चित्र काढून समजावले. बहुतेक माणसांत भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात चालतो. डाव्या मेंदूकडून निघणारे बहुतेक तंतू मेंदूच्या देठापाशी बाजू ओलांडून शरीराच्या उजवीकडे जातात. म्हणून डावीकडच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की वाचा आणि उजवे अंग एकदमच जाते. नवे वाक्य जुळवणे हे काम त्या डाव्या भागाचे. पण पाठ झालेली आरती, अंकांची उजळणी, सवयीचे उद्गार आणि शिव्या यांना पूर्ण तीच वाट लागत नाही. उजवा भाग आणि मेंदूच्या खोलवरच्या जुन्या रचना त्यांना हात देतात. मोठा पूल पडला तरी पाऊलवाट शिल्लक राहावी तसे हे आहे.

पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदाने १८६१ मध्ये असाच एक रोगी पाहिला होता. लबोर्न हे त्याचे नाव. काहीही विचारले तरी तो ‘टॅन’ एवढेच म्हणे, म्हणून इस्पितळात त्याला सगळे ‘टॅन’च म्हणत. फार चिडला की मात्र देवाच्या नावाने घातलेली एक शिवी त्याच्या तोंडून स्पष्ट निघे. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात नासलेली जागा सापडली. वाचेचा पत्ता माणसाला प्रथम लागला तो या बापड्यामुळे. त्याचा मेंदू पुढे पॅरिसमध्ये जपून ठेवण्यात आला.

घरी येऊन मी अक्काला म्हणालो, ‘अक्का, घराला आग लागली आणि उंबऱ्याशी पडलेली एक फुटकी बादली तेवढी वाचली, तर ती घरातली सगळ्यांत जपलेली वस्तू होती असं आपण म्हणतो का? दाजींची ती शिवी म्हणजे ती बादली आहे. मनातलं गुपित नव्हे.’ अक्का काही बोलली नाही. पण त्या रात्री तिने दाजींना भरवताना पदराने त्यांचे तोंड पुसले, ते पहिल्यांदा हळुवारपणे पुसले असे मला वाटले.

मी मात्र जागा राहिलो. अक्काची शंका फेडता फेडता माझ्याच एका जुन्या खात्याचे पान उघडले होते.

२००१ सालची गोष्ट. तेव्हा मी मुख्याध्यापक नव्हतो. सहावीला मराठी शिकवत होतो. वर्गात एक मुलगा होता. हडकुळा, शांत, मध्यम हुशार. एके दिवशी मी त्याला धडा वाचायला उभे केले. दोन ओळी नीट वाचल्या आणि वाक्याच्या मध्येच तो थांबला. पुस्तक हातात, डोळे उघडे, नजर माझ्या खांद्यापलीकडे. ‘पुढे वाच,’ मी म्हणालो. उत्तर नाही. पुन्हा म्हणालो. मुले खिदळू लागली. मला वाटले, हा माझी टर उडवतो आहे. मी दोन पावले पुढे गेलो आणि त्याच्या गालावर सणसणीत चापट मारली. त्याने डोळे मिचकावले आणि जिथे थांबला होता त्याच्या पुढचा शब्द वाचायला सुरुवात केली. वर्ग हसून लोटपोट झाला. मी विजयी मुद्रेने म्हणालो, ‘बघा, प्रसाद मिळाला की कसं येतं ते!’

त्या वर्षात मी त्याला आणखी तीनदा मारले. तीनही वेळा औषध ‘लागू’ पडले.

वार्षिक परीक्षेआधी त्याची आई शाळेत आली. हातात डॉक्टरांचा कागद होता. तो मुलगा टक लावून थांबायचा ती एका प्रकारची आकडी होती. यात रोगी पडत नाही, हातपाय झाडत नाही, तोंडाला फेस येत नाही. फक्त काही सेकंद जाणिवेचा दिवा विझतो आणि आपोआप लागतो. दिवसातून अनेकदा असे होऊ शकते. त्या माऊलीने माझ्यावर आरोप केला असता तर बरे झाले असते. ती म्हणाली, ‘सर, पोरगं आजारी होतं, आम्हाला कळलं नाही. तुम्हाला उगाच त्रास झाला.’

माझ्या चापटीने तो शुद्धीवर येत नव्हता. त्याचे ते आठदहा सेकंद तेवढ्यात संपत होते इतकेच. पण मला माझ्या हाताचा गुण आला असे वाटत होते. शिक्षेवर विश्वास ठेवणाऱ्या किती लोकांचा विश्वास अशा योगायोगावर उभा असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आता थोडे या यंत्रणेविषयी. विज्ञानाचे सहकारी रजेवर असले की मी त्यांचा तास घेत असे. मज्जासंस्थेचा धडा मी टेलिफोन एक्स्चेंजचा दाखला देऊन शिकवायचो. मेंदू म्हणजे मुख्य कचेरी, मज्जारज्जू म्हणजे जाडजूड केबल, त्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या एकतीस जोड्या आणि थेट मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्या म्हणजे गल्लोगल्ली गेलेल्या तारा. दाखला मुलांना पटायचा. तापल्या तव्याला बोट लागले की मुख्य कचेरीला विचारण्याआधीच मज्जारज्जू हात मागे घेतो आणि चटका बसल्याचे आपल्याला क्षणभराने कळते, हे सांगितले की मुले खूश व्हायची.

पण एक्स्चेंजमध्ये एक ऑपरेटर बसलेला असतो. मेंदूत तो कुठेच सापडत नाही. साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा हा गोळा, शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराच्या शक्तीतला पाचवा हिस्सा एकटा खातो. त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. कामिल्लो गॉल्जी आणि सांतियागो रामोन इ काहाल या दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गॉल्जी म्हणत, हे सगळे एकच सलग जाळे आहे. काहाल म्हणत, प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, ती शेजारणीला फक्त निरोप देते. काहाल बरोबर ठरले. दोन पेशींच्या मध्ये अतिसूक्ष्म फट असते आणि बहुतेक ठिकाणी एक पेशी त्या फटीत रसायन सोडून दुसरीला निरोप देते. काही निरोप ‘चल’ म्हणतात, काही ‘थांब’ म्हणतात. ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशी नसत्या तर सगळा मेंदू एका आकडीत पेटून गेला असता. मला या माहितीत सर्वांत अर्थपूर्ण वाटली ती ही गोष्ट, की निसर्गाने आवर घालण्याचीही सोय चालना देण्याच्या सोयीइतक्याच काळजीने केली आहे.

हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याच पद्धतीने काढलेल्या त्या मुलाच्या आलेखावर सेकंदाला तीन अशा उंच लाटा एकाच लयीत उठलेल्या होत्या. मी ज्याला उर्मटपणा म्हणत होतो त्याचे ते छायाचित्र होते.

अक्काकडच्या मुक्कामात एका संध्याकाळी आम्ही दाजींना चाकाच्या खुर्चीतून कमाटीबागेत नेले. ती दोघे झाडाखाली बसली आणि मी १८९४ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या संग्रहालयात गेलो. मही नदीच्या मुखाशी १९४४ मध्ये आलेल्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा तिथे आहे आणि महाराज सयाजीराव गायकवाडांच्या संग्रहातली इजिप्तची ममी आहे. मुले तिच्याभोवती गर्दी करून कुजबुजत होती. प्राचीन इजिप्तमध्ये प्रेत टिकवताना पुष्कळदा मेंदू नाकावाटे आकड्याने ओढून काढून टाकत. हृदय मात्र देहात जागेवर ठेवत. परलोकात न्यायाच्या तराजूत एका पारड्यात ते हृदय आणि दुसऱ्यात सत्याचे पीस ठेवले जाणार, अशी त्यांची श्रद्धा होती. माणसाने काय केले याचा जाब हृदय देणार, मेंदू हा निव्वळ भराव!

पॅरिसमध्ये देहावाचून जपलेला मेंदू आणि बडोद्यात असा हा जपलेला देह. या दोहोंच्या मध्ये मी उभा होतो. आज आपले उलटे झाले आहे. हृदय हा पंप ठरला आणि तराजूत आपण मेंदू ठेवू लागलो. मग मनात आले, की तो मुलगा निर्दोष आहे, कारण दोष त्याच्या मेंदूतल्या लहरींचा. दाजी निर्दोष आहेत, कारण दोष गुठळीचा. मग मी? माझा हात उठला तोही मेंदूतल्या कुठल्यातरी पेशींनी निरोप दिला म्हणूनच ना? माझे वडील मारकुटे, माझे गुरुजी छडीवाले. त्या सगळ्या माराने घडलेल्या माझ्या मज्जासंस्थेने त्या दिवशी चापट मारली. मी कुठे मारली?

ही पळवाट मोहक आहे. गेली कित्येक वर्षे मी तिच्या तोंडाशी उभा आहे.

या वाटेला विज्ञानाचा आधार आहे असे सांगणारेही भेटतात. अमेरिकेत बेंजामिन लिबेट यांनी १९८३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाने मनात येईल तेव्हा मनगट हलवायचे आणि ‘आता हलवावे’ असे वाटले तो क्षण घड्याळावर पाहून सांगायचा. दिसले असे, की हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधीच मेंदूत तयारीची लहर सुरू होते आणि इच्छेची जाणीव होते ती साधारण दोन दशांश सेकंद आधी. म्हणजे आपण ठरवण्याआधीच मेंदूने ठरवलेले असते? अनेकांनी तसाच अर्थ काढला. पण ॲरन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले, की ती लहर म्हणजे निर्णय नसून मेंदूत सतत चाललेल्या आपोआपच्या चढउतारांची बेरीज असू शकते. आणि स्वतः लिबेट यांनीही एक जागा मोकळी ठेवली होती. जाणीव झाल्यावर कृती होण्याआधी अगदी थोडा अवधी उरतो, त्यात माणूस ‘नाही’ म्हणू शकतो, असे त्यांचे मत होते.

हे वाचताना मला बडोद्यातच घडलेली एक गोष्ट आठवली. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदे संस्थानच्या सेवेत होते. सुरतेच्या काँग्रेसनंतर जानेवारी १९०८ मध्ये ते पुन्हा बडोद्याला आले, तेव्हा सरदार मजुमदारांच्या वाड्यात माडीवरच्या खोलीत ते तीन दिवस विष्णू भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्यासमवेत बसले. लेल्यांनी त्यांना सांगितले ते थोडक्यात असे, की विचार तुझ्यात उपजत नाहीत, ते बाहेरून येतात. येताना त्यांना पाहा आणि आत शिरण्याआधीच परतव. त्या तीन दिवसांत आपले मन निःशब्द झाले, असे अरविंदांनी पुढे नमूद केले आहे. लेल्यांचे म्हणणे आणि लिबेट यांचा प्रयोग एकच आहेत, असे म्हणण्याचा आततायीपणा मी करणार नाही. एकाची भाषा साधनेची, दुसऱ्याची प्रयोगशाळेची. पण दोघांचेही बोट एकाच जागेकडे जाते. उर्मी आपल्या हातात नसेल, पण उर्मी आणि कृती यांच्यामध्ये एक उंबरा आहे.

तो उंबरा माझ्यापाशी त्या दिवशी होता का? इथे मला एक साधी कसोटी सापडली. ती मुख्याध्यापकाला सुचावी अशीच आहे. समजा, त्या तासाला वर्गात मागच्या बाकावर तपासणीसाठी आलेले साहेब बसले असते. तर त्या मुलाची नजर थांबली असती का? थांबली असती. साहेब असोत, बक्षीस असो, मार असो, आईची शपथ असो, त्या लहरींना कशाचेच ऐकू येत नव्हते. दाजी? दाजींनी ती शिवी डॉक्टरांसमोर दिली, थोरल्या भावासमोर दिली, देवघरात दिली, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याच डोळ्यांत पाणी आले. आणि माझा हात? साहेब बसले असते तर माझा हात उठला नसता. मी गोड आवाजात म्हणालो असतो, ‘बाळ, बरं वाटत नाही का? बस खाली.’

संपले. माझी पळवाट इथे बुजली. ज्या पेशींनी हात उचलला त्याच मेंदूत तो थांबवणाऱ्या पेशीही होत्या, त्या शाबूत होत्या आणि साहेबांचे त्यांनी ऐकले असते. मुलाचे त्यांनी ऐकले नाही, कारण मुलाचे ऐकण्याची गरज मला वाटत नव्हती. मेंदू दोघांचाही होता. फरक एवढाच, की एकाच्या मेंदूपर्यंत त्या क्षणी कोणतेही कारण पोचू शकत नव्हते आणि दुसऱ्याच्या मेंदूपर्यंत पोचू शकत होते. जिथे कारण पोचते तिथे जबाबदारी पोचते.

ही कसोटी सोन्याच्या तराजूसारखी अचूक आहे असा माझा दावा नाही. आमच्या शाळेत रात्रभर बापाच्या दारूचा तमाशा पाहून उपाशीपोटी येणारी मुले आहेत. अशी मुले वर्गात दुसऱ्याला ठोसा मारतात. साहेबांसमोर मारणार नाहीत, हे खरे. पण आवर घालण्याची त्यांची ताकद जागरणाने आणि भुकेने किती बारीक झालेली असते! शिवाय कपाळामागचा जो भाग आवर घालण्याचे मुख्य काम करतो, तो वयाच्या विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. म्हणजे वर्गातली चाळीस-पन्नास अपुरी बांधकामे आणि समोर एक पुरे झालेले. चापट कोण मारत होता, तर पुरे झालेला!

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम, बुद्धीला सारथी. हा दृष्टान्त आठवला की मला फिनिअस गेज आठवतो. अमेरिकेत व्हरमाँट प्रांतात १३ सप्टेंबर १८४८ रोजी सुरुंगाच्या स्फोटात एक लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून कवटीतून आरपार गेली. तो जगला, पण त्याच्या डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे स्वभाव पालटला. शांत, जबाबदार मुकादम शिवराळ आणि चंचल झाला. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात. पण तोच गेज पुढे चिली देशात जाऊन कित्येक वर्षे सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. ज्याचा सारथी गेला असे जगाने ठरवले, तो सहा घोड्यांचे लगाम धरून बसला! रोजचे ठरलेले काम, ठरलेली वाट, ठरलेली शिस्त यांनी त्याला पुन्हा काही प्रमाणात सावरले असावे, असे अभ्यासक म्हणतात. मज्जासंस्था ही दगडावरची रेघ नाही. वापराने ती बदलते, सवयीने वळते. आम्हा शिक्षकांचा सारा धंदा या एका आशेवर चालतो.

बडोदे हे तर या आशेचेच गाव. कवळाण्याच्या शेतकरी घरातला, अक्षरओळख जेमतेम असलेला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ मध्ये दत्तक येऊन सयाजीराव झाला आणि पुढे त्यानेच १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग करून १९०६ मध्ये ते सबंध राज्याला लागू केले. याच सयाजीरावांना निद्रानाशाने इतके छळले, की १८८७ मध्ये ते प्रकृतीसाठी युरोपला गेले आणि नंतरही जात राहिले. गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यात राज्याकडे दुर्लक्ष दिसे. १९०० मध्ये कर्झनच्या सरकारने संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांना आवर घालणारे परिपत्रक काढले. दुखणे डोळ्यांना दिसत नसले की पाहणारा त्याला चुकारपणा म्हणतो. राजाही त्यातून सुटला नाही, तिथे सहावीतल्या पोराची काय कथा!

म्हणून माझ्या मनाशी मी दोन्ही बाजूंचे धोके मांडून ठेवले आहेत. सगळ्याला ‘मुद्दाम’ म्हटले की आजारी माणसावर अन्याय होतो. सगळ्याला ‘मेंदूच तसा’ म्हटले की ज्याला सुधारता आले असते त्याचाही अपमान होतो, कारण आपण त्याला माणसातून काढून यंत्रात टाकतो. दारू पिऊन बायकोला मारणारा बापही हल्ली ‘माझा स्वभावच तसा’ म्हणतो. त्याला मी विचारतो, ‘फौजदार दारात असताना मारतोस का?’ तो गप्प बसतो. आणि मग मीही गप्प बसतो, कारण उत्तर मला माझ्याकडूनच ठाऊक असते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारण्यावर बंदी आली. कायद्याने माझा हात खाली आला हे मी नाकारत नाही. कायदा म्हणजे मागच्या बाकावर कायम बसलेले साहेब. पण साहेब उठून गेल्यावरही हात खाली राहिला, तरच तो माझा म्हणायचा.

बडोद्याहून परत आल्यावर मी त्या मुलाला शोधले. तो आता पस्तिशीच्या पुढे आहे. मोटर वाइंडिंगचे दुकान चालवतो. तांब्याच्या तारा गुंडाळता गुंडाळता त्याने मला स्टूल दिले, पोराला चहा आणायला पाठवले. आकडी चौदाव्या-पंधराव्या वर्षी थांबली, गोळ्याही पुढे बंद झाल्या, असे म्हणाला. मी आडवळण न घेता सांगितले, ‘मी तुला मारलं होतं. चूक माझी होती.’

तो थोडा वेळ तारेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘आठवतंय सर. मी वाचत असायचो आणि एकदम गाल पेटायचा. मधलं काही नसायचंच. सगळी का हसतात कळायचं नाही. मला वाटायचं, मी काहीतरी चुकीचं वाचतोय. म्हणून घरी जाऊन तोच धडा पुन्हा पुन्हा वाचायचो.’

चहा आला. तो म्हणाला, ‘जाऊ द्या सर, घ्या.’ मी घेतला. गार होईपर्यंत घोट उतरला नाही. मी ज्याला मारले त्याने दोष स्वतःवर घेऊन ठेवला होता, आणि मी, ज्याचा दोष होता तो, इतकी वर्षे तो पेशींवर ढकलण्याच्या खटपटीत होतो.

दाजींसाठी डॉक्टरांनी एक उपाय सुचवला होता. शब्द चालीवर म्हणायला लावायचे. गाण्याच्या वाटेने वाचा परत आणण्याची ही पद्धत १९७० च्या दशकापासून वापरात आहे. अक्काने तिला आपल्या पद्धतीने आरतीची चाल लावली. श्रावणात तिचा फोन आला. ‘बाळू, आज ह्यांनी पाणी मागितलं. आरतीच्या चालीवर मागितलं, पण मागितलं.’ मग थोडे थांबून म्हणाली, ‘शिवीही दिली. मी हसले.’

अक्काला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. माझ्याही प्रश्नाचे मिळाले आहे. हात उचलला तो मेंदूने, स्नायूंनी, वडिलांच्या माराने, गुरुजींच्या छडीने, आणि हे सगळे मिळून जो होतो त्याने. त्यालाच मी म्हणतात. आता वर्गावर गेलो आणि एखादा मुलगा गप्प उभा राहिला, की मी मनातल्या मनात दहा अंक मोजतो. तेवढ्या वेळात पुष्कळदा मुलाला उत्तर सुचते. कधी कधी मलाही.